एकशे एक यार्ड

न्यू जर्सीच्या मधल्या पट्ट्यात, जिथे आम्ही राहतो, तिथे फुटबॉलची एक अदृश्य हद्द आहे. हद्दीच्या उत्तरेला न्यूयॉर्क जायंट्सची माणसं, दक्षिणेला फिलाडेल्फिया ईगल्सची. आमचं ऑफिस नेमकं हद्दीवर. त्यामुळे सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी निम्मे चेहरे फुललेले आणि निम्मे पडलेले असतात. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, ज्यात पायांचा संबंध कमी आणि खांद्यांचा फार जास्त. इथे नवीन आलो तेव्हा मला तो चिलखत घातलेल्या माणसांच्या ढकलाढकलीचा खेळ वाटायचा. आता रविवारी दुपारी फोन केला तर मी उचलत नाही, हे समस्त नातेवाइकांना कळून चुकलं आहे :)

तर २०२४ च्या डिसेंबरात या हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच विषय होता. ईगल्सचा सेक्वॉन बार्कली एरिक डिकरसनचा विक्रम मोडणार का? आणि त्याला चिकटून आलेला दुसरा प्रश्न, मोडला तरी त्याला डिकरसनच्या पंगतीत बसवायचं का? त्यावर मी तेव्हा बरंच ऐकलं, थोडं बोललो, आणि मग जुने आकडे काढून बसलो. आकडे काढून बसणं हा आमच्या घराण्याचा जुना रोग आहे, हे सांगायला नकोच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान शंभर यार्डांचं. यार्ड म्हणजे तीन फूट. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक नावाचा म्होरक्या एक तर चेंडू लांब फेकतो, नाहीतर शेजारच्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. रनिंग बॅकने तो काखेत दाबायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत फट शोधायची. सापडली तर पाच-दहा यार्ड. नाही सापडली तर शंभर-सव्वाशे किलोची दोन-तीन माणसं एकदम अंगावर. एका मोसमात हे असं तीनशे-साडेतीनशे वेळा.

एरिक डिकरसनने १९८४ साली असे २१०५ यार्ड काढले. लॉस एंजेलिस रॅम्सकडून, १६ सामन्यांत, ३७९ वेळा चेंडू घेऊन. एका मोसमातला हा सर्वोच्च आकडा आहे. अंतर म्हणून पाहिलं तर दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही. आमचे आप्पा दूध आणायच्या निमित्ताने रोज याहून जास्त चालत. पण आप्पांना वाटेत दर पाच पावलांवर कोणी आडवं पाडत नव्हतं.

बार्कलीने २९ डिसेंबर २०२४ ला डॅलस काउबॉइजविरुद्ध १६७ यार्ड काढले आणि त्याची बेरीज २००५ झाली. सामने झाले १६. एक बाकी. विक्रम मोडायला हवे होते १०१. त्या वर्षी सामन्यामागे सव्वाशेची सरासरी असलेल्या माणसाला १०१ म्हणजे रोजचं काम. शिवाय समोर कोण, तर न्यूयॉर्क जायंट्स, म्हणजे ज्या संघाने त्याला सहा वर्षं वापरून शेवटी जाऊ दिलं तोच संघ. आणि सामना फिलाडेल्फियात, घरच्या मैदानावर. सिनेमात असं दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही काय!

५ जानेवारी २०२५ ला तो सामना झाला आणि बार्कली खेळलाच नाही. ईगल्सची बाद फेरीतली जागा आधीच पक्की झाली होती, जिंकून वर जाणार नव्हते की हरून खाली येणार नव्हते. प्रशिक्षक निक सिरियानी यांनी मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली आणि बार्कलीने ती निमूटपणे घेतली. ईगल्सनी राखीव खेळाडूंना घेऊन तो सामना २०-१३ असा जिंकला. एकशे एक यार्ड तसेच राहिले.

आपल्याकडच्या मंडळींना इथे मुलतान आठवलं असणार. मार्च २००४, सचिन १९४ वर नाबाद आणि द्रविडने डाव घोषित केलेला. आमच्याकडे त्यावरून दोन मामा एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हते. पण मुलतानला निदान सचिन मैदानावर होता. बार्कलीला मैदानात उतरण्याची गरजच उरलेली नव्हती, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी विक्रमाचं बघू. डिसेंबरभर जो वाद चालला होता त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा होता सामन्यांच्या संख्येचा. डिकरसनला १६ सामने मिळाले, बार्कलीला १७, म्हणून हा विक्रम खरा नव्हेच, निदान पुढे एक फुली तरी मारा, असं म्हणणारे बरेच होते. एनएफएलने मोसम १७ सामन्यांचा केला तो २०२१ साली, त्यामुळे मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. आता जरा मागे जाऊ.

१९६० पर्यंत एनएफएलचा मोसम १२ सामन्यांचा होता. १९५८ साली क्लीव्हलंडच्या जिम ब्राउनने त्या १२ सामन्यांत १५२७ यार्ड काढले होते. १९६१ पासून सामने १४ झाले आणि १९६३ मध्ये त्याच ब्राउनने १८६३ वर नेऊन ठेवलं. तो आकडा दहा वर्षं टिकला. मग १९७३ मध्ये बफलोच्या ओ. जे. सिम्प्सनने तो मोडला. (हो, तोच सिम्प्सन. पुढे हे नाव जगभर गेलं ते वेगळ्याच आणि भयंकर कारणाने, तो विषय इथला नाही.) शेवटच्या सामन्यात न्यूयॉर्कच्या बर्फात त्याने २०० यार्ड काढले आणि २००३ वर थांबला. दोन हजार ओलांडणारा पहिला माणूस. तेही १४ सामन्यांत. सामन्यामागे १४३ यार्ड. ही सरासरी दोन हजारांच्या यादीत आजवर कोणालाही गाठता आलेली नाही. डिकरसनची १३१ च्या थोडी वर आहे आणि बार्कलीची १२५.

आणि १९७८ साली मोसम १६ सामन्यांचा झाला.

म्हणजे डिकरसनने सिम्प्सनला मागे टाकलं तेव्हा त्याच्याही हातात जास्तीचे सामने होतेच. ९ डिसेंबर १९८४, अनाहाइम, समोर ह्यूस्टन ऑइलर्स. त्या दिवशी डिकरसनने २१५ यार्ड काढले आणि बेरीज २००७ केली. हा त्याचा पंधरावा सामना. चौदा सामन्यांनंतर तो १७९२ वर होता, म्हणजे सिम्प्सनच्या दोनशेहून जास्त मागे. २०२४ मध्ये ज्यांना सतरावा सामना डोळ्यांत खुपत होता, त्यांनी पंधरावा आणि सोळावा कधीच पचवून टाकला होता. विक्रम जुना झाला की त्याच्यातलं कॅलेंडर दिसेनासं होतं. आपण नाही का, गावसकरांच्या ३४ शतकांचा अभिमान बाळगताना ती १२५ कसोट्यांतली आहेत आणि ब्रॅडमनची २९ ही ५२ कसोट्यांतली, हे हळूच बाजूला ठेवतो!

स्वतः डिकरसन या बाबतीत मोकळा निघाला. विक्रम मोडला जावा असं मला वाटत नाही हे त्याने सरळ सांगितलं, पण सतरा सामन्यांत मोडला म्हणून रडत बसणार नाही असंही म्हणाला. मला हे आवडलं. "विक्रम हे मोडण्यासाठीच असतात" वगैरे छापील बोलण्यापेक्षा हे कितीतरी माणसासारखं.

तेव्हा कॅलेंडरचा मुद्दा मी तरी बाजूला ठेवला. मग या दोघांची तुलना करायची कशाच्या जोरावर?

धावण्याच्या पद्धतीवर करायची तर दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत. डिकरसन टेक्सासमधल्या सीली नावाच्या लहान गावचा. उंच, सडपातळ वाटणारा, आणि ताठ उभा धावायचा. रनिंग बॅकने वाकून, खांदे पाडून धावावं असं शाळेपासून शिकवतात, कारण उंच धावणाऱ्याची छाती समोरच्याला आयती मिळते. डिकरसनने ते कधी मनावर घेतलं नाही. डोळ्यांना लांबचं कमी दिसायचं म्हणून हेल्मेटच्या आत मोठा गॉगल, मानेभोवती जाड पट्टा, आणि असा सगळा सरंजाम घेऊन तो इतका अलगद जायचा की जुन्या चित्रफिती पाहताना आधी वाटतं हा जोरात पळतच नाहीये. मग लक्षात येतं, मागचे सगळे जीव तोडून पळताहेत आणि अंतर वाढतंच आहे. त्याच्या हातून चेंडू निसटायचा मात्र वरचेवर; ती त्याची उणी बाजू.

बार्कली त्याच्या उलट बांध्याचा. जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधला, वाढला पेनसिल्व्हेनियात. बुटका नाही, पण खाली भरलेला. त्याच्या मांड्यांबद्दल इथले समालोचक ज्या भक्तिभावाने बोलतात तो ऐकून थोडं संकोचल्यासारखं होतं. ३ नोव्हेंबर २०२४ ला जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याने एकाला चुकवलं, गर्रकन फिरला, आणि पाठमोरा असतानाच मागून येणाऱ्या दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून गेला. पाठमोरा! मी ती चित्रफीत किती वेळा पाहिली ते सांगत नाही. डिकरसनला अशा कसरतीची गरज कधी पडली नाही, कारण बहुतेक वेळा त्याच्या मागचा माणूस तेवढा जवळ पोचायचाच नाही.

खरा फरक आजूबाजूच्या माणसांत आहे. १९८४ च्या रॅम्सकडे जॅकी स्लेटरसारखे तगडे अडवणारे होते, पण चेंडू फेकण्याच्या बाबतीत आनंद होता. ठरलेला क्वार्टरबॅक जायबंदी होऊन बसला आणि बदली म्हणून जेफ केम्प उभा राहिला. प्रशिक्षक जॉन रॉबिन्सन यांचं धोरण साधं होतं, चेंडू एरिकला द्या. समोरच्यांनाही ते माहीत होतं. आठ-आठ, नऊ-नऊ जण पुढे आणून ते त्याचीच वाट बघत आणि तरीही तो जायचा. बार्कलीसमोर असं करायची सोय नव्हती. त्याच्या बाजूला जेलन हर्ट्स, जो स्वतः धावतो आणि लांब फेकतोही, कडेला ए. जे. ब्राउन आणि डेव्हॉन्टा स्मिथ. सगळे पुढे आणलेत तर मागे चेंडू पडणार. आणि वाट करून देणारी ईगल्सची फळी म्हणजे त्या वर्षीची सगळ्यात दांडगी. तिच्यात जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियात रग्बी खेळून आलेला अजस्र माणूस, ज्याने २०१८ च्या आधी हा खेळ कधी खेळलाच नव्हता. आणि गंमत म्हणजे त्याच्या शेजारी उभा राहणाऱ्याचं आडनाव डिकरसनच. लँडन डिकरसन. नातं काही नाही.

त्यामुळे धावणारा म्हणून मोठा कोण असं मला कोणी विचारलं तर मी डिकरसन म्हणेन आणि फार वेळ लावणार नाही. पहिल्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्याने १८०८ यार्ड काढले होते; नवख्या खेळाडूचा तो विक्रमही अजून उभा आहे. दहा हजार यार्ड त्याने ९१ सामन्यांत पुरे केले, इतक्या लवकर ते कोणालाच जमलेलं नाही. बार्कलीचं एक वर्ष अफाट आहे, डिकरसनची निदान पाच-सहा आहेत.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायला बसलोच नसतो.

१९८४ हे साल दुसऱ्याही एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच मोसमात मायामीच्या डॅन मरिनोने चेंडू फेकून ५०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन काढले. तोवर न ऐकलेले आकडे. १९७८ मध्ये नियम बदलून चेंडू झेलणाऱ्याला धक्काबुक्की करण्यावर बंधनं आली होती, त्याचं फळ आता दिसायला लागलं होतं. पुढच्या काळात खेळ सगळा हवेत गेला. मरिनोचे टचडाउन २००४ मध्ये मागे पडले, यार्ड २०११ मध्ये, आणि नंतर पाच हजार ही गोष्ट क्वार्टरबॅकला अप्रूपाची राहिली नाही. एकाच वर्षी दोन डोंगर उभे राहिले होते. एकावर आता रस्ता झाला, दुसऱ्यावर कोणी फिरकेनासं झालं.

फिरकेनासं झालं कारण संघांनी हिशोब मांडला. चेंडू फेकून मिळणारे यार्ड स्वस्त पडतात, आणि रनिंग बॅकचं शरीर लवकर झिजतं. तेव्हा तरुण घ्या, चार-पाच वर्षं वापरा, मग दुसरा आणा. बावीस-तेविसाव्या वर्षी हा माणूस सगळ्यात चांगला असतो आणि तेव्हाच तो पहिल्या, बांधून दिलेल्या कराराखाली असतो. करार संपून भाव करायची वेळ येते तोवर गुडघे बोलायला लागलेले असतात. बार्कली जायंट्सकडे आला २०१८ मध्ये, निवडीत दुसऱ्या क्रमांकावर (डिकरसनही दुसऱ्याच क्रमांकावर निवडला गेला होता). पहिल्या वर्षी तेराशेच्या वर यार्ड, वर्षातला सर्वोत्तम नवोदित. २०२० च्या दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. २०२२ मध्ये पुन्हा तेराशे. आणि २०२३ मध्ये लांबचा करार मागितला तर संघाने त्याच्यावर 'फ्रँचाइझ टॅग' लावला. म्हणजे एका खेळाडूवर शिक्का मारायचा आणि ठरावीक रकमेत आणखी एक वर्ष ठेवून घ्यायचं; त्याला दुसरीकडे जाता येत नाही. रक्कम एक कोटी डॉलरच्या आसपास, तेव्हा कीव करावी अशी अवस्था नव्हती, हे मान्य. पण त्याच संघाने त्याच सुमारास क्वार्टरबॅकला चार वर्षांचे सोळा कोटी दिले होते. त्या उन्हाळ्यात लीगमधले नावाजलेले रनिंग बॅक व्हिडिओ कॉलवर एकत्र जमले, काय करता येईल म्हणून. काहीही करता येण्यासारखं नव्हतं.

हे वाचताना मला सारखा डिकरसन आठवत होता, कारण त्याची गोष्ट हीच आहे, फक्त दार बंद असलेली. २१०५ यार्डांनंतर, १९८५ मध्ये, त्याने पगारवाढ मागितली आणि पहिल्या दोन सामन्यांना आलाच नाही. परत आला, १२३४ यार्ड काढले, आणि बाद फेरीत डॅलसविरुद्ध एका सामन्यात २४८. बाद फेरीतला तो विक्रम अजूनही कायम आहे. पैशांचा वाद मात्र मिटेना. शेवटी ३१ ऑक्टोबर १९८७ ला, खेळाडूंचा संप नुकताच संपलेला असताना, रॅम्सनी तीन संघांच्या एका मोठ्या अदलाबदलीत त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं. तो हावरट, तो कटकट्या, असं बरंच छापून आलं. त्या काळी करार संपला तरी खेळाडूला मोकळेपणाने दुसऱ्या संघात जाता येत नसे. ती मोकळीक १९९३ साली मिळाली, कोर्टकचेऱ्यांनंतर. आणि त्यातला कळीचा १९९२ चा निकाल फ्रीमन मॅकनील या माणसाच्या नावाने ओळखला जातो, जो स्वतः रनिंग बॅक होता. डिकरसनचा शेवटचा मोसम कोणता? १९९३. दार उघडलं आणि हा बाहेर पडला तो निवृत्त होऊनच. सुपर बोल त्याने कधी खेळला नाही.

बार्कलीसाठी दार किलकिलं होतं. एक वर्ष शिक्क्याखाली काढून २०२४ च्या मार्चमध्ये तो शंभर मैल दक्षिणेला फिलाडेल्फियात गेला, तीन वर्षांच्या पावणेचार कोटींच्या करारावर. जायंट्सचे मालक जॉन मारा त्या आधीच्या चर्चेत, सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे, अशा अर्थाचं बोलत होते आणि ते सगळं टीव्हीवरच्या एका मालिकेत चित्रित झालं होतं. आमच्या ऑफिसातल्या उत्तरेकडच्या मंडळींना ते वाक्य २०२४ च्या शरदात दर सोमवारी ऐकावं लागलं. दक्षिणेकडच्यांनी दया म्हणून दाखवली नाही.

दोन हजारांच्या यादीत आतापर्यंत नऊ नावं आहेत. सिम्प्सन, डिकरसन, बॅरी सँडर्स, टेरेल डेव्हिस, जमाल लुइस, क्रिस जॉन्सन, एड्रियन पीटरसन, डेरिक हेन्री आणि बार्कली. दोनदा कोणालाही जमलेलं नाही. आणि पुढच्या वर्षी त्यांचं काय झालं हे पाहिलं तर ती यादी वाचवत नाही. टेरेल डेव्हिसने १९९८ मध्ये २००८ काढले, १९९९ मध्ये चौथ्या सामन्यात गुडघा गेला आणि नंतर तो पूर्वीसारखा कधी खेळलाच नाही. लुइस २०६६ वरून १००६ वर. हेन्री २०२७ नंतरच्या वर्षी आठ सामन्यांत पाय मोडून घरी. सँडर्सने आणखी एक चांगलं वर्ष काढलं आणि १९९९ च्या उन्हाळ्यात, चांगला धडधाकट असताना, खेळच सोडला. तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. मला तो या सगळ्यांत शहाणा वाटतो.

म्हणून मला ५ जानेवारीचं ते बसून राहणं इतकं मोठं वाटतं. त्या आधीच्या चार महिन्यांत बार्कलीने ३४५ वेळा चेंडू घेतला होता, ३४५ वेळा कोणीतरी त्याला पाडलं किंवा पाडायचा प्रयत्न केला होता. पुढे बाद फेरी होती. तिच्यात त्याने आणखी ९१ वेळा चेंडू घेतला आणि ४९९ यार्ड काढले. त्यातले २०५ रॅम्सविरुद्ध, फिलाडेल्फियात भुरभुरणाऱ्या बर्फात. (नोव्हेंबरात त्याच रॅम्सविरुद्ध २५५ काढले होते. डिकरसनच्या संघाशी याचं काही वाकडं असावं.) बाद फेरी धरून वर्षाचे २५०४ झाले आणि टेरेल डेव्हिसचा २४७६ चा आकडा मागे पडला. त्या विक्रमाची बातमी कुठे तरी कोपऱ्यात आली. ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला, त्याने सुपर बोल जिंकला; त्यात त्याचे यार्ड फक्त ५७, कारण कॅन्सस सिटीने त्याच्यावरच सगळं लक्ष दिलं आणि हर्ट्सने त्यांना हवेतून झोडपलं. मार्चमध्ये नवा करार झाला, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर. रनिंग बॅकला एवढी रक्कम तोवर कधी मिळाली नव्हती. आणि २०२५ मध्ये त्याचे यार्ड हजाराच्या थोडेच वर गेले. यादीचा नियम त्यालाही चुकला नाही, पण पैसे आधी हातात आले होते.

डिकरसनला १९८४ मध्ये असं बसून राहता आलं असतं का? मला नाही वाटत. त्याच्या हातात यार्डांखेरीज दुसरं काहीच नव्हतं. पगार मागायचा तर यार्ड दाखवून, नाव राखायचं तर यार्ड दाखवून. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममधल्या खेळाडूंच्या वतीने लीगला आरोग्य विम्याची मागणी करणारं जाहीर पत्र गेलं, त्यात पुढाकार डिकरसनचा होता. साठीच्या उंबरठ्यावरचा, खेळातले सगळे मान मिळालेला माणूस, आणि मागत होता डॉक्टरांच्या बिलांची सोय. त्यावर बरंच उलटसुलट झालं, काही सह्यांवरून वादही झाले. ते पत्र मी दोनदा वाचलं.

आता एक आकडा, जो मला बराच उशिरा दिसला. ९ डिसेंबर १९८४ ला डिकरसनने विक्रम मोडला तेव्हा तो २००७ वर होता आणि एक सामना उरला होता. समजा, त्याला त्या दिवशी कोणी म्हटलं असतं, झालं तुझं काम, आता बस. तर आकडा २००७ राहिला असता. सँडर्सने तो १९९७ मध्ये मोडला असता. डेव्हिसने १९९८ मध्ये एका यार्डाने. मग लुइस, पीटरसन, हेन्री. क्रिस जॉन्सन एकाने कमी पडला असता, बार्कली दोनाने. डिकरसनचं नाव या वादात आज निघालंही नसतं.

पण १४ डिसेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, त्या वर्षीच्या सगळ्यात बळकट संघाविरुद्ध, तो पुन्हा गॉगल चढवून उभा राहिला. रॅम्स तो सामना १९-१६ असा हरले. त्याने ९८ यार्ड काढले.